गाडी नसताना आई-बाबांना स्कॉटलंड दाखवायचंय? आधी परतीचं स्टेशन ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्लासगोत पार्टिकला राहायला येऊन आठ महिने झाले, गाडी नाही, आणि साताऱ्याहून आई-बाबा मे ते जुलै राहायला येतायत. बाबा अडुसष्ट वर्षांचे, रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणारे. आईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालतात, पायऱ्या नको म्हणतात. मुलगी सहा वर्षांची. लोकल ट्रेननं जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशा दहा सुंदर वाटांची यादी तुम्हाला हवी आहे.

दहांची यादी मी देत नाही, कारण ती तुमच्या उपयोगाची नाही. गेली चौदा वर्षं मी इथे लोकांना ट्रेननं फिरायला नेतो. त्यात निम्मे तरी कुणाचे ना कुणाचे आई-बाबाच असतात. त्या अनुभवावरून सांगतो, सुंदर वाट शोधणं ही इथे अडचण नाहीच. अडचण ही आहे की तुम्ही पाच माणसं आहात आणि पाचांची चाल वेगळी आहे. बाबांना पुरेल इतकं चाललात तर आईंचे गुडघे दोन दिवस बोलतील. आईंना जमेल तेवढंच चाललात तर बाबा तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण पुढच्या शनिवारी एकटेच निघतील. मुलीचं तर कुठे बिनसेल सांगता येत नाही.

म्हणून मी वाट निवडताना आधी नकाशात रेल्वेची रेघ बघतो. एका स्टेशनावर उतरायचं आणि त्याच मार्गावरच्या दुसऱ्या स्टेशनापर्यंत चालायचं. मध्ये आणखी एक स्टेशन असेल तर उत्तमच. जो थकला तो मधल्या स्टेशनावरून गाडी पकडतो, बाकीचे पुढे जातात आणि संध्याकाळी सगळे एकाच गाडीत भेटतात. जिथून निघालो तिथेच चालत परत यावं लागतं, अशा वाटेवर ही सोय नसते. मध्यावर कुणाचा पाय मुरगळला तर पुढे जा की मागे या, अंतर सारखंच.

तुमच्या घरासाठी यातली सगळ्यात चोख वाट बोलिंगची. पार्टिकहून बालोकला जाणारी गाडी पकडा आणि बोलिंगला उतरा. हे नाव चेंडू टाकायच्या बोलिंगसारखंच आहे, गाव मात्र अगदी चिमुकलं. स्टेशनातून खाली उतरलं की छोटं बंदर लागतं. इथे फोर्थ-क्लाइड कालवा क्लाइड नदीला मिळतो. कालवा 1790 साली पूर्ण झाला, 1963 साली बंद पडला आणि 2001 साली पुन्हा सुरू झाला. पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, तीच आज आपली पायवाट. सपाट, रुंद, पक्की. आईंना खाली बघत चालावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा अर्धा जीव पुढचं पाऊल कुठे टाकायचं यातच अडकतो. वाट अशी असली की मान वर होते, बगळा दिसतो, हंसाची पिल्लं दिसतात, गप्पा होतात.

साधारण तीन किलोमीटरवर ओल्ड किलपॅट्रिक येतं. डोक्यावरून खूप उंचावर एर्स्किन पूल जातो आणि खाली कालव्याकाठी एकदम शांतता असते. आई आणि मुलगी इथे थांबतील. कालवा सोडून गावातून थोडं वर गेलं की किलपॅट्रिक स्टेशन. बाबा आणि तुम्ही कालव्यानंच आणखी तीनेक किलोमीटर डॅलम्यूरपर्यंत जा. ग्लासगोकडे येताना किलपॅट्रिकनंतरचं स्टेशन डॅलम्यूरच. त्यामुळे आईंबरोबर घरातलं कुणीतरी राहिलं आणि फोनवर वेळ जमवली, की ज्या गाडीत त्या बसतात त्याच गाडीत पुढच्या स्टेशनावर बाबा चढतात. हे मी कितीतरी कुटुंबांबरोबर केलंय. दार उघडतं, आजी आतून हात करते, आणि आपण कुणाला मागे ठेवून आलो असं कुणालाच वाटत नाही.

तिकिटाचं एवढं लक्षात ठेवा: लांबच्या स्टेशनाचं, म्हणजे इथे बोलिंगचं, साधं रिटर्न काढा. परत येताना अलीकडच्या स्टेशनावरून चढलात तरी ते चालतं. ठरावीक गाडीचं स्वस्त आगाऊ तिकीट काढलंत तर ही मोकळीक जाते. 1 सप्टेंबर 2025 पासून स्कॉटरेल या इथल्या रेल्वे कंपनीनं गर्दीच्या वेळेचं जादा भाडं काढून टाकलंय, त्यामुळे भाडं वाचवायला सकाळी सव्वानऊपर्यंत घरी बसून राहायची गरज उरलेली नाही.

दुसरी वाट फोर्थ खाडीवरच्या पुलाची, आणि ती चुकवू नका. लांब आहे, ग्लासगोहून एडिनबराची गाडी, मग हेमार्केट स्टेशनाला बदलून खाडीपलीकडच्या फाइफ भागाकडची. पण आई-बाबा गावी गेल्यावर जे सांगतील त्यात हे असेल. डॅलमेनी स्टेशनावर उतरायचं, साउथ क्वीन्सफेरी गावातून रस्त्याच्या पुलावर यायचं, आणि त्या पुलावरच्या पदपथानं खाडी ओलांडून नॉर्थ क्वीन्सफेरीला पोचायचं. पूल अडीच किलोमीटर लांब. हा 1964 सालचा पूल. 2017 मध्ये शेजारी नवा पूल झाला तेव्हापासून यावर मुख्यतः बस, टॅक्सी, सायकली आणि पायी माणसं. चालताना उजव्या हाताला पूर्ण वेळ 1890 सालचा तांबडा रेल्वेपूल दिसत राहतो, आणि मग परतीची गाडी तुम्हाला त्याच पुलावरून घेऊन येते. आधी तास-दीड तास लांबून बघितलेल्या त्या पोलादी जाळीतून गाडी जायला लागली की डब्यातले सगळे खिडकीला चिकटतात. 2015 साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

एकदा वाईच्या एक काकू आमच्याबरोबर होत्या. गाडी पुलावर आली तशी त्यांनी हात जोडले आणि पर्समध्ये नाणं शोधायला लागल्या. कृष्णेच्या पुलावर करतो तसंच. खिडकी उघडत नव्हती म्हणून हिरमुसल्या. समोर एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, आम्हीही लहानपणी इथून पेनी टाकायचो, नशीब चांगलं राहतं म्हणून. मग दोघं उतरेपर्यंत बोलत होती, तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याच्या जाड फाइफी उच्चारात.

आता यातली अडचण. डॅलमेनी स्टेशनाजवळून खाली धक्क्याकडे जाणारा लांबलचक पायऱ्यांचा रस्ता आहे, फोनवरचा नकाशा हमखास तिकडेच नेतो. आईंसाठी तो टाळा आणि स्टेशन रोडनं वरून वरूनच पुलाकडे जा. पुलावर वारा असतो. खाली गावात पान हलत नसलं तरी मध्यावर कानटोपी लागते. पदपथ दोन्ही बाजूंना आहे, पण कधी एखादी बाजू कामासाठी बंद असते, तेव्हा तोंडाशी पाटी बघा. आईंना पूल झेपणार नाही असं वाटलं तर त्यांना डॅलमेनीहून गाडीनं नॉर्थ क्वीन्सफेरीला पाठवा. एकच स्टेशन आहे, पूल बघून होतो आणि खाली धक्क्यावर बसून तुमची वाट बघता येते. स्टेशनातून धक्क्यापर्यंत मात्र उतार आहे, येताना तो चढायचाय.

याच मार्गावर पुढे अ‍ॅबरडॉरहून बर्न्टआयलंडपर्यंतची वाट मला स्वतःला फार आवडते. पाचेक किलोमीटर, रुळांच्या कडेकडेनं, एका बाजूला खाडी, मध्ये एक छोटा धबधबा. दोन्ही टोकांना स्टेशन. अ‍ॅबरडॉरच्या स्टेशनाला लागूनच जुना किल्ला आहे आणि स्टेशनातली फुलझाडं बघायला लोक मुद्दाम उतरतात. बाबांना इथे नक्की न्या.

हवामानावर सगळं अवलंबून आहे असं सगळेच सांगतात, पण त्याचा उपयोग कसा करायचा ते कुणी सांगत नाही. माझा हिशेब असा: पाऊस बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, आणि ग्लासगोपेक्षा एडिनबराकडे तो पुष्कळच कमी पडतो. म्हणून शनिवारी सकाळी पार्टिकला भुरभुर असेल तर बेत रद्द न करता पूर्वेची गाडी पकडा. अपवाद एकच. मे-जूनमध्ये पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून गार, दाट धुकं आत शिरतं, इथे त्याला ‘हार’ म्हणतात. ग्लासगोत लख्ख ऊन आणि फोर्थवर हात लांबवला तर हात दिसत नाही, असं होतं. त्या दिवशी पूल बघायला जाऊ नका, पूल दिसणारच नाही. त्या दिवशी बोलिंग.

पूर्वेकडे जायचं पण इतकं लांब नको असेल तेव्हा लिनलिथगो. ग्लासगो-एडिनबरा मुख्य मार्गावरच आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, फलकावर नाव बघूनच चढा. स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवर तळं आणि त्याच्या काठावर राजवाडा. मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स, इथे 1542 साली जन्मली. 1746 साली लागलेल्या आगीनंतर वाड्यावर छप्पर राहिलं नाही, भिंती उभ्या आहेत. तळ्याभोवतीची वाट पावणेचार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आईंच्या मापाची. ही मात्र स्टेशन ते स्टेशन नाही, गोल आहे. तरीही मी तिला धरतो, कारण आईंनी वाड्याशेजारच्या हिरवळीवर बाकावर बसायचं ठरवलं तर उरलेले सगळे पूर्ण फेरीभर त्यांच्या नजरेत असतात.

मुलीसाठी फॉलकर्क. तिथे दोन स्टेशनं आहेत, फॉलकर्क हाय आणि फॉलकर्क ग्रेहॅमस्टन. तुम्हाला ‘हाय’ हवं. माझ्याबरोबरचं एक कुटुंब दुसऱ्या स्टेशनावर उतरून आमची वाट बघत बसलं होतं आणि आम्ही त्यांची. एक तास गेला. हायच्या शेजारीच युनियन कालवा आहे, त्याच्या काठानं पश्चिमेकडे तीनेक किलोमीटर चाललं की फॉलकर्क व्हील. नावांचा पाळणाच तो. वरच्या कालव्यातली नाव पाण्यासकट एका हौद्यात घ्यायची आणि अख्खं चाक फिरवून 24 मीटर खाली ठेवायची. पूर्वी त्यासाठी पाणी भरून-सोडून नाव टप्प्याटप्प्यानं उतरवणाऱ्या अकरा हौदांचा (लॉक्सचा) जिना होता आणि नावेला त्यात बहुतेक दिवस जायचा. चाक 2002 साली सुरू झालं. दोन्ही हौदे सारख्याच वजनाचे राहतात, कारण नाव आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. सहा वर्षांच्या मुलीला हे घरी बादलीत वाटी सोडून आधी दाखवा, मग चाक बघताना तिचे डोळे बघा. आईंना परतीला टॅक्सी करून द्या.

बाबांसाठी एक दिवस राखून ठेवा, फक्त त्यांचा. क्रॉय स्टेशनावर उतरून क्रॉय हिल आणि बार हिल. इथून अँटोनाइन भिंत जाते. इसवी सन 142 च्या सुमारास रोमनांनी फोर्थ ते क्लाइड, सुमारे 60 किलोमीटर बांधलेली, आणि वीसेक वर्षांतच सोडून दिलेली. आधीच सांगून ठेवा की ही दगडी तटबंदी नाही. पाया दगडाचा आणि वर गवताच्या ढेपा, त्यामुळे आज दिसतो तो मुख्यतः खंदक. सह्याद्रीतले बुरूज बघितलेला माणूस पहिल्यांदा म्हणतो, ‘एवढंच?’ मग त्यांना क्रॉय हिलवर खंदकाच्या काठाशी उभं करा. तिथे तो थेट काळ्या कातळात खोदलाय, आणि एका जागी कातळ इतका चिवट लागला की खोदणाऱ्यांनी तेवढा तुकडा तसाच सोडून पुढे काम चालू केलं. गड चढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. बार हिलवर किल्ल्याचा पाया आणि न्हाणीघराचे अवशेष आहेत. तिथून ट्वेचरला उतरून कालव्याकाठानं परत क्रॉय. चढ अजिंक्यताऱ्यापेक्षा सौम्य, चिखल मात्र जास्त.

ज्यांच्याबद्दल लोक फार सांगतात अशा दोन-तीन जागांविषयी माझं मत. लॉक लोमंड या तळ्यासाठी बालोक सोपं आहे, पण उन्हाच्या सुट्टीच्या दिवशी फार गर्दी, मधल्या वारी जा. अ‍ॅरोखर-टारबेट डोंगराळ आणि देखणं, पण तिकडे दिवसात मोजक्याच गाड्या. एक चुकली की मुलीला घेऊन तासन्‌तास बसावं लागतं. पहिल्या महिन्यात नको. न्यू लॅनार्क जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून. लॅनार्क स्टेशनापासून गाव दोनेक किलोमीटर, जाताना सगळा उतार, म्हणजे थकल्यावर सगळा चढ. आईंसाठी स्टेशनातून बस किंवा टॅक्सी. 1786 साली उभी राहिलेली ती सूतगिरणी, कामगारांच्या चाळी, गिरणी चालवणाऱ्या रॉबर्ट ओवेननं 1816 साली कामगारांच्या मुलांसाठी उघडलेली शाळा, हे बघताना गिरणगावात वाढलेला माझा एक मित्र बराच वेळ काही बोलला नव्हता. पुढे नदीकाठानं कोरा लिनचा धबधबा. वरचं पाणी विजेसाठी वळवतात, त्यामुळे कोरड्या आठवड्यात तो रोडावतो. दोन दिवस पाऊस झाल्यावर जा.

शहरातलं चालणं तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाळी दिवसाला तेच कामी येतं. ग्लासगोतच पोलोकशॉज वेस्ट स्टेशन आणि पोलोक पार्क. लांब केसांच्या हायलँड गाई कुंपणापाशी उभ्या असतात, मुलगी आणि आई दोघीही तिथून हलणार नाहीत. पाऊस आला तर बागेतलंच बरेल संग्रहालय, प्रवेश मोफत. एडिनबराला हेमार्केटहून डीन व्हिलेज, मग वॉटर ऑफ लीथ या छोट्या नदीच्या काठानं स्टॉकब्रिज. दम उरला तर किल्ल्याखालच्या रॅमसे गार्डनपर्यंत जा, ही घरं पॅट्रिक गेडिस यांनी उभी केली. शहर समजून घ्यायचं तर आधी ते पायी फिरा, असं सांगणारा हा माणूस 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि त्यांच्यानंतर ती जागा आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. बाबांना वाचनाची आवड असेल तर त्या दारासमोर हे सांगा.

आता बारीकसारीक, पण याच्यावरूनच दिवस बिघडतो. गाडीचं दार आपोआप उघडत नाही, दिवा लागला की बटण दाबायचं. मुंबईच्या उघड्या दाराच्या सवयीनं आपली माणसं दारासमोर थांबून राहतात. हे पहिल्याच दिवशी आईंना दाबायला लावा. छोट्या स्टेशनांवर कर्मचारी नसतात आणि स्वच्छतागृहही नसतं, म्हणून गाडीतलं वापरूनच उतरा. पलाटावर जायला जिना आहे की उतार, हे नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्टेशनाखाली दिलेलं असतं. आईंसाठी ते दरवेळी बघा.

दुसऱ्याच्या शेतातून कसं जायचं, असं बाबा नक्की विचारतील. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं बहुतेक सगळ्या जमिनीवर जबाबदारीनं चालायचा हक्क दिलाय. घराचं आवार आणि उभं पीक सोडायचं, फाटक जसं असेल तसं लावायचं, वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहायचं. गवतातून चाललात तर रात्री सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागची जागा आणि मुलीचे केस गोचिडीसाठी तपासा. इथल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप लावत बसायचं नाही. छत्री पुलावर टिकत नाही, टोपीचं रेनकोट घ्या. आई साडी नेसत असतील तर नेसू द्या, फक्त घोट्याच्या वर आणि खाली पकड असलेले बूट.

आणि जूनची एक खास गोष्ट. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपण निवांत होतो. उजेड असला तरी चहाची दुकानं चार-पाचला बंद होतात आणि संध्याकाळी, विशेषतः रविवारी, गाड्या कमी होतात. मी निघायच्या आधी परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून बाबांच्या खिशात देतो, एक जिने यायचंय ती आणि एक चुकली तर. दशम्या आणि थर्मासभर चहा बरोबर हवाच.

तर पहिल्या महिन्यासाठी माझा क्रम असा: पहिला शनिवार पोलोक, प्रवासाचा शीण असेल म्हणून. दुसरा बोलिंग. त्यात आई किलपॅट्रिकपर्यंत कशा चालल्या ते बघून तिसरा लिनलिथगो किंवा फॉलकर्क. चौथा, धुकं नसेल तर, फोर्थचा पूल. बाबांचा क्रॉय मधल्या एखाद्या वारी, तुम्हाला सुट्टी मिळेल तेव्हा. बोलिंगनंतर आईंचे गुडघे कसे आहेत ते इथे लिहा, त्यावरून मी जूनचं सांगतो.